वैशाखात नेपाळ

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आपण फाट्यावर राहणारी माणसे. कल्याणची, पनवेलची, महाप्याची आणि मुंब्र्याची वाट आपल्या शीळफाट्याला येऊन मिळते. रात्रंदिवस गाड्या जातात, लोक कुठून कुठे जातात, आणि आपण मात्र हातात पिशवी धरून रस्ता कधी ओलांडायला मिळतो याची वाट पाहत असतो. यंदा मंडळात बोलणे निघाले की, आपणही कोठे तरी जाऊन यावे, आणि तेही परदेशी. जुनी शहरे पाहावीत, मोठे डोंगर पाहावेत. त्याची आखणी सांगण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. मी काही मोठी जाणकार नव्हे. पण महिन्याची वाण्याची यादी जिला करता येते, तिला प्रवासाची यादीही करता येते, असे मला वाटते. तेवढ्याच भरवशावर मी उभी आहे.

पहिला प्रश्न घरोघर विचारला गेला तो असा : "कशासाठी जायचे?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर देताना आपल्यापैकी पुष्कळजणी अडखळल्या. याचे कारण असे की, आजवर बाई घराबाहेर पडली ती काही तरी निमित्त घेऊनच पडली. नवस फेडायचा आहे, लेकीचे बाळंतपण आहे, कुणाला दवाखान्यात बघायचे आहे. निमित्त असले की कुणी अडवत नाही. नुसते "पाहून यावेसे वाटते" म्हटले की सगळे तोंडाकडे पाहू लागतात.

आनंदीबाई जोश्यांचे माहेर आपल्या शेजारचे, कल्याणचे. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्या बोटीने निघाल्या. यजमान सोबत नव्हते. वय अठरा. अमेरिकेत पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, वारल्या. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई विलायतेला गेल्या. त्यांचे निमित्त विद्येचे होते. त्याहून आधी, १८५७ चे युद्ध हरल्यावर, १८५९ मध्ये नानासाहेब पेशवे नेपाळात शिरले आणि पेशव्यांच्या घरच्या बायकाही तेथेच आश्रयाला राहिल्या. त्यांचे निमित्त तर जीव वाचवण्याचे होते. या सगळ्यांना माझा नमस्कार असो. पण इतक्या वर्षांनंतर एखादीने, कसलेही संकट नसताना, सुखासमाधानाने, केवळ हौसेने परदेश पाहायला काय हरकत आहे? माझे म्हणणे एवढेच आहे की हौस सगळ्यांची असावी. चौघींची हौस आणि दहाजणींचा हेवा, असे होऊ नये. आजची सगळी आखणी मी याच एका धोरणाने केली आहे.

एका भगिनीने स्वित्झर्लंडचे नाव सुचवले, दुसरीने रोम आणि फ्लोरेन्सचे. यात हसण्यासारखे काही नाही. जुनी शहरे आणि बर्फाचे डोंगर तेथे आहेतच. म्हणून मी हिशेब मांडून पाहिला. त्या बाजूच्या २९ देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्याची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो झाली आहे. वर निदान ३०,००० युरोंचा विमा, बँकेतल्या शिलकेचे कागद आणि उत्पन्नाचा पुरावा. आता घर सांभाळणारीच्या नावावर उत्पन्न कुठले दाखवायचे? नवऱ्याचे नाहीतर मुलाचे कागद जोडायचे. ज्यांना झेपेल त्यांनी खुशाल जावे. पण मंडळ म्हणून जायचे तर अठराजणींतल्या चार-पाचच उरतील.

मग परदेश, जुनी शहरे आणि डोंगर, हे तिन्ही एका ठिकाणी कोठे मिळते? नेपाळात. तेथे आपल्याला व्हिसा लागत नाही. कल्याणहून गोरखपूरला आगगाडी जाते, सव्वा ते दीड दिवस लागतो. गोरखपूरहून मोटारीने सोनौलीची सरहद्द, आणि कमान ओलांडली की नेपाळ. तेथले घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे नेपाळी भाषा आपल्याच देवनागरीत लिहितात. दुकानाच्या पाट्या, बसच्या पाट्या आपल्या आपण वाचता येतात. जेवायला वरण, भात आणि भाजी सर्वत्र मिळते. परदेशात जाऊन मुकी-बहिरी होण्याची पाळी तेथे येत नाही.

आता काय पाहायचे ते सांगते.

सरहद्दीजवळच लुंबिनी आहे. भगवान बुद्धांचे जन्मस्थान. आपल्यातल्या बौद्ध भगिनींना हे सांगायला नको. तेथे सम्राट अशोकाचा दगडी खांब अजून उभा आहे. त्यावर लिहिले आहे की, येथे बुद्धांचा जन्म झाला म्हणून या गावाचा सारा कमी केला आहे. राजाने देवळाला दान दिल्याचे आपण ऐकतो. गावकऱ्यांचा सारा कमी केल्याचे मला फार आवडले.

तेथून पाल्प्यावरून पोखऱ्याला जायचे. वाटेत रामदीला काली गंडकी ओलांडावी लागते. आपल्या देवघरातला शाळिग्राम या गंडकीचा. पोखरा गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे माथेरानइतकेच. पण समोर माछापुच्छ्रे ६,९९३ मीटर आणि त्याच्या मागे अन्नपूर्णा ८,०९१ मीटर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. पाच कळसूबाया एकीच्या डोक्यावर एक उभ्या केल्या तर अन्नपूर्णेची बरोबरी होईल. माछापुच्छ्रे म्हणजे माशाची शेपटी. तसाच दुभंगलेला शेंडा आहे. तो डोंगर पवित्र मानतात आणि त्यावर चढाई करू देत नाहीत. हे सारे सारंगकोटच्या टेकडीवरून पहाटे दिसते. वैशाखात दिवस वर आला की हवा धुरकट होते, म्हणून दोन पहाटा राखून ठेवल्या आहेत. एक हुकली तर दुसरी आहे.

मग काठमांडूचे खोरे. तेथे काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही तीन जुनी शहरे जवळजवळ आहेत. मल्ल राजांच्या वेळी ही तीन वेगळी राज्ये होती. भावाभावांत चुरस, म्हणून एकाने देऊळ बांधले की दुसरा त्याहून सुंदर बांधणार. १७६८-६९ मध्ये गोरख्याच्या पृथ्वीनारायण शहाने तिन्ही घेतली. पण त्या चुरशीचा लाभ आज आपल्याला होतो. पाटणला १६३७ सालचे दगडी कृष्णमंदिर आहे, त्याच्या पट्ट्यांवर रामायण आणि महाभारत कोरले आहे. आपल्या अंबरनाथचे शके ९८२ चे शिवमंदिर ज्यांनी डोळे भरून पाहिले आहे, त्यांना हे काम अधिक कळेल. म्हणून जाण्यापूर्वी एका रविवारी सगळ्यांनी अंबरनाथला जाऊन यावे, असे मी सुचवते.

नवनाथांची पोथी आपल्याकडे घरोघर वाचतात. त्या मच्छिंद्रनाथाचा प्रचंड उंच रथ पाटणमध्ये वैशाखात ओढतात. तेथे तो पाऊस देणारा देव. हिंदू त्याला मच्छिंद्रनाथ म्हणतात, बौद्ध त्याला लोकेश्वर म्हणतात, आणि दोर मात्र दोघे मिळून ओढतात. काठमांडूत पशुपतिनाथ तर आहेच. तेथले पुजारी कर्नाटकातले भट्ट. लखनौच्या बेगम हजरत महल, ज्या १८५७ मध्ये इंग्रजांशी लढल्या, त्या १८७९ मध्ये काठमांडूतच वारल्या. त्यांची कबर तेथे आहे. शीळ-मुंब्र्याच्या आपल्या मुसलमान भगिनींनी तेथे फूल वाहावे आणि आपण सगळ्यांनी सोबत जावे. भक्तपूरला कुंभारांचा चौक आहे, आणि मातीच्या भांड्यात लावलेले घट्ट दही मिळते. त्याला जुजू धौ म्हणतात, म्हणजे दह्यांचा राजा. आपल्या दह्याशी ताडून पाहायला हरकत नाही.

२५ एप्रिल २०१५ रोजी तेथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळजवळ नऊ हजार माणसे गेली. ज्याच्यावरून काठमांडू हे नाव पडले तो लाकडी काष्ठमंडप कोसळला. त्या लोकांनी तो जुन्या पद्धतीने पुन्हा बांधला. भक्तपूरचे पाच मजली न्यातपोल देऊळ, १७०२ सालचे, तेवढ्या धक्क्यातही उभे राहिले. पडलेले पुन्हा उभे कसे करतात, हेही तेथे पाहण्यासारखे आहे.

आता भयाचे बोलते, कारण घरची माणसे तेच बोलत आहेत आणि त्यांचे भय खोटे नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. आतली बहुतेक माणसे आपल्या जळगाव जिल्ह्यातली, भुसावळ-वरणगावकडची होती. पंचवीसहून अधिक जीव गेले. वायुदलाच्या विमानाने त्यांचे देह जळगावला आणले. त्याच वर्षी १२ जुलैला नारायणगढ-मुग्लिंग रस्त्यावर दरड आली आणि दोन बसगाड्या त्रिशुली नदीत वाहून गेल्या. साठांहून अधिक माणसे त्यांत होती. भगिनींनो, हे मी लपवून ठेवले असते तर आखणी गोड दिसली असती, पण मग ती आखणी कसली?

म्हणून काही नियम मी सुचवते, आणि यांत सवलत कुणालाही नाही.

एक : जायचे ते वैशाखातच. मृगाच्या आधी परत यायचे. तेथे साधारण जूनच्या मध्यापासून पाऊस लागतो, मग डोंगर ढगाआड जातात आणि रस्त्यावर दरडी येतात. श्रावणात सुटी आहे, तिकीट स्वस्त आहे, असे कुणी म्हटले तरी जायचे नाही.

दोन : डोंगरी रस्त्यावर रात्रीचा प्रवास नाही. पोखरा ते काठमांडू सुमारे दोनशे किलोमीटर, पण ते एका दमात कापायचे नाही. मध्ये मनकामनेला मुक्काम करायचा. तेथे १९९८ पासून दोरीवरचा पाळणा चालतो, त्यामुळे देवीचे दर्शन गुडघे न दुखवता होईल.

तीन : गाडी पाहून, चालक पाहून ठरवायची. त्याची झोप आणि जेवण ही आपली जबाबदारी मानायची. पुढच्या बाकावर जी बसेल तिने भीड धरायची नाही. नेपाळीत "बिस्तारै" म्हणजे सावकाश. हा एक शब्द अठराजणींनी पाठ करावा.

चार : सगळे पैसे आगाऊ कुणाला द्यायचे नाहीत. ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ ला तेथे तरुणांचे मोठे आंदोलन झाले, जाळपोळ झाली, सरकार पडले. १२ सप्टेंबरला सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान, आणि त्याआधी पहिल्या महिला सरन्यायाधीश. त्या आपल्या बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या. अशा वेळी गाडी रद्द करता आली पाहिजे आणि पैसे बुडता कामा नयेत. ते बोलणे आधी कागदावर लिहून घ्यायचे.

आता कागदपत्रांकडे वळते. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच. नेपाळला जाताना ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र धरतात. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला नुसत्या आधार कार्डावर भागत नाही. कुटुंब मिळून चालले असेल आणि त्यातल्या एका मोठ्या माणसाजवळ हे कागद असतील, तर बाकीच्यांना नात्याचा आणि छायाचित्राचा दुसरा पुरावा चालतो. म्हणजे यजमानांबरोबर गेलो तर त्यांच्या कार्डावर निभावते. पण मंडळ म्हणजे काही कायद्याच्या भाषेत कुटुंब नव्हे. आपण मैत्रिणी-मैत्रिणी निघालो की प्रत्येकीचे आपले कार्ड पाहिजे.

मी घरोघर जाऊन विचारले. अठराजणींत सातजणींची अडचण निघाली. कुणाचे कार्ड माहेरच्या नावाचे, कुणाचे जुन्या गावच्या पत्त्याचे, दोघींचे तर नावच यादीत नाही. रेशनकार्डावर नाव आहे, विजेच्या बिलावर सासऱ्यांचे नाव आहे, आणि आपण कोण हे सांगणारा स्वतःचा कागद नाही! प्रवास राहिला बाजूला, ही गोष्ट आधी दुरुस्त झाली पाहिजे. नाव नवे घालायचे तर सहा नंबरचा अर्ज, नाव-पत्ता बदलायचा तर आठ नंबरचा. विवाहाचा दाखला लागेल, तो आताच शोधून ठेवा. ज्यांना पासपोर्ट काढायचा आहे त्यांना ठाण्याचे पासपोर्ट सेवा केंद्र जवळ आहे. जोडीजोडीने जावे, म्हणजे संकोच वाटत नाही.

पैशांचे सांगते. पहिला अंदाज विमानाचा आणि चांगल्या हॉटेलांचा होता. त्याला दरमहा २,५०० रुपये शिल्लक टाकावे लागत होते. तेव्हा आपल्यापैकी दोघी-तिघी गप्प बसल्या. सभेत बाई गप्प बसली म्हणजे तिची संमती आहे असे समजू नये. बहुधा तिचा हिशेब जमत नसतो. एकीने सुचवले, कमी पडेल त्यांचे मंडळाने भरावे. मला ते पटले नाही. अशी मदत घेऊन गेलेली बाई बारा दिवस मान खाली घालून हिंडेल. त्यापेक्षा अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि अंथरूण सर्वांत लहान जिचे असेल तिचे धरावे. म्हणून स्लीपरचे तिकीट, साधी राहण्याची जागा, एका खोलीत तिघी, असा हिशेब पुन्हा केला. दरमहा १,५०० रुपये, सोळा महिने, म्हणजे २४,००० रुपये. त्यातच अडीअडचणीची तरतूद धरली आहे. भिशीप्रमाणे पैसे दर महिन्याच्या दहा तारखेला गोळा करायचे, पण भिशीप्रमाणे कुणी उचलायचे नाहीत. बँकेत मंडळाच्या खात्यात, दोघींच्या सहीने. कुणाला मध्येच सोडावे लागले तर तिचे पैसे तिला पुरे परत.

प्रवासात मात्र प्रत्येकीचे वरखर्चाचे पैसे प्रत्येकीच्या कनवटीला. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. दुकानात भाव ऐकला की "आयसी की एनसी" असे विचारावे, म्हणजे भारतीय की नेपाळी हे कळते. आपल्या शंभराच्या नोटा तेथे चालतात. त्याहून मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावे. काचेच्या बारीक मण्यांच्या माळा तेथल्या सवाष्णी घालतात, त्यांना पोते म्हणतात. त्या पाहून सगळे पैसे पहिल्याच दिवशी संपवू नका, एवढीच विनंती!

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. एका अर्जावर सहा नावे बसतात, म्हणून तीन अर्ज करायचे. ते काम आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी घेतले आहे.

राहिले गुडघे. काठमांडू सुमारे १,४०० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराइतकेच उंच. तेथे दम लागण्याचे भय नाही. मुक्तिनाथची इच्छा काहीजणींनी बोलून दाखवली. ते ३,७०० मीटरांच्या वर आहे, हवा विरळ असते. म्हणून ते या खेपेला घेतलेले नाही. ज्यांची प्रकृती धडधाकट आहे त्या म्हणतील, आमच्यापुरते जाऊ. माझे उत्तर असे की, ज्या मावशींना कळसाचे दर्शन टेकडीवरूनच घ्यायचे आहे, त्यांना खोलीत बसवून आपण वर गेलो तर ती सहल मंडळाची राहणार नाही. मात्र तोवर आपण सगळ्यांनी रोज सकाळी अर्धा तास चालावे, दर रविवारी खिडकाळेश्वरापर्यंत जावे, आणि महिन्यातून एकदा मुंब्रादेवीचा डोंगर चढावा. रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या वीस दिवसांच्या घ्याव्यात आणि चिठ्ठी सोबत ठेवावी.

आणि घराचे काय? बारा दिवस घर कोण पाहील? ज्यांच्या घरी सुना-मुली आहेत त्यांना प्रश्न नाही. ज्यांच्या घरी नाहीत, त्यांच्या यजमानांनी आणि मुलांनी या सोळा महिन्यांत वरण-भात शिकावा. कुकरच्या शिट्या मोजायला सोळा महिने पुष्कळ झाले. घरी आजारी माणूस असेल तर न जाणाऱ्या भगिनींनी दुपारचे लक्ष ठेवावे, आणि पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी आपण ठेवावे.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. येत्या शनिवारी चार वाजता मंडळात सगळ्यांनी यावे. येताना मतदार कार्ड आणावे. नसेल तर आधार आणि विवाहाचा दाखला आणावा. अर्ज भरायला दोघी शिक्षिका बसणार आहेत. पहिला हप्ता त्यानंतर. आधी प्रत्येकीच्या नावाचा कागद, मग पैसा, मग तिकीट, असा क्रम आहे. ज्यांना नेपाळला यायचे नाही त्यांनीही कार्डासाठी यावेच.